लेकीला भेटायला परमुलखात

मंडळी, तुमची शिकलेली लेक नेपाळात, गोरखा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात, बिनपगारी शिकवायला गेली आहे असे धरा. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने याच जिल्ह्यापासून सुरुवात केली. देशभरात जवळजवळ ९,००० माणसे दगावली, हजारो वर्ग कोसळले. तिला भेटायला जरूर जा. पण परत आणायला जात असाल, तर घरीच बसा.

प्रवासाचे भय नको. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात. घड्याळ १५ मिनिटे पुढे करा. पाट्या तर आपल्याच बाळबोध लिपीत! वाचता सगळे येते, कळते निम्मे.

खरी अडचण तिच्या दारात. तिथे पाहुणे तुम्ही, यजमान ती. सकाळी दहाच्या सुमारास डाळ-भाताचे जेवण होते. पोह्यांची वाट पाहू नका. 'पोरगी किती वाळली!' असे शेजारणीसमोर म्हणू नका. तिला मराठी येत नसेल, पण तुमचा चेहरा वाचता येतो. बायका आईला 'आमा' म्हणतील. लेक त्यांच्याशी भराभर नेपाळी बोलेल, हसेल, आणि तुम्ही नुसते बघत राहाल. मनाला लागते थोडे. लागू द्या. 'परत कधी येणार?' हे मात्र पहिल्याच रात्री विचारू नका.

आणि हो, लाडू दुप्पट न्या. वर्गातली पोरे तिच्या वाट्याला फारसे उरू द्यायची नाहीत.