इटली राहिली, तोरणमाळ झालं

आवाज बसलाय, समजून घ्या. काल दिवसभर घाटातला वारा खाल्लाय.

तर दोन वर्षं मी इटलीची यादी करत होतो. ओर्व्हिएतो, सान जिमिन्यानो, चिविता दी बान्योरेज्यो. चिवितात गाडी जातच नाही, लांबलचक पुलावरून चालत चढायचं, वर तिकीटही काढायचं! शत्रूपासून आणि सखल भागातल्या मलेरियापासून लांब राहायला तिकडे लोक डोंगरमाथ्यावर गावं वसवायचे. पण माझा व्हिसा नाकारला गेला. तोंड पाडून विसरवाडीला घरी आलो, तर पप्पा म्हणाले, "डोंगरावरचं गावच बघायचंय ना? तोरणमाळला चल."

पप्पांनी तीस वर्षं सुरत-धुळे हायवेवर ट्रक चालवला. आपल्याच जिल्ह्यातलं तोरणमाळ मात्र कधी पाहिलं नव्हतं. आणि हो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी त्यांना स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता. डॉक्टरांनी परवानगी दिलेली, मी नाही.

सकाळी सहाला निघालो. खांडबारा, नंदुरबार, प्रकाशाला तापीचा पूल, शहाद्यात चहा. म्हसावदनंतर केळी-पपईची शेतं मागे पडतात आणि सातपुडा एकदम अंगावर येतो.

मग सातपायरी घाट. वळणावर वळण. माझं ड्रायव्हिंग पुण्यातलं, सिग्नल ते सिग्नल. एका वळणावर वरून माणसांनी भरलेली जीप आली, मी ब्रेक मारला, गाडी बंद. पुन्हा उचलायला गेलो तर मागे घसरली. हॅन्डब्रेक ओढला, हात थरथरत होते. पप्पा काही बोलले नाहीत. उतरले, मागच्या चाकाला दगड लावला आणि माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. मी उतरलो.

"चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, चूक त्याची होती. पण घाटात भांडायचं नसतं," एवढंच म्हणाले. गाडी फर्स्टमध्ये हळूच उचलली आणि थोडं पुढे नेऊन थांबवली. "दगड काढ. तसाच राहिला तर मागून येणारा मरेल." मी पळत जाऊन दगड कडेला टाकला.

वर हजार मीटरच्याही पुढची उंची, सप्टेंबरचं धुकं. यशवंत तलाव दिसायचा, परत गायब व्हायचा. सीताखाईत पाणी कोसळत होतं, नुसता आवाज येत होता. इटलीसारखा दगडी चौक वगैरे इथे नाही, पावरा लोकांची घरं शेताशेतात विखुरलेली. मोबाइलला रेंज नाही. लोकेशनचं ॲप लिहिणारा मी, गोरखनाथाच्या मंदिराचा रस्ता एका पोराला विचारत होतो! एका आजींकडून आमचूर घेतलं, आईसाठी.

परतताना किल्ली मी मागितलीच नाही. पूर्ण घाट पप्पांनी उतरवला. प्रकाशाजवळ अंधार पडला तेव्हा त्यांनी स्वतःच गाडी बाजूला घेतली.

"समोरचे लाइट डोळ्यांत फुटतात रे. आता तू घे."