गावाची राखण आणि गावाची शाळा
(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाचन, गणित आणि पटनोंदणी या आपल्या नित्याच्या विषयांच्या मानाने माझ्याकडे सोपविलेला विषय थोडा आडवळणाचा वाटेल. गावातील गुन्हे टाळण्याच्या कामी शाळेचा वाटा कोणता, असा तो विषय आहे. हे काम पोलिसांचे. त्यांच्यासाठी ठाणे आहे, पोलीस पाटील आहेत. आपला तेथे संबंध काय, अशी शंका आपणांपैकी अनेकांच्या मनात आली असेल. ती शंका रास्त आहे. शिक्षकाने पोलीस व्हावयाचे नाही, आणि खबऱ्या तर मुळीच व्हावयाचे नाही. परंतु गावाची राखण ज्या एका गोष्टीवर उभी असते, ती गोष्ट शाळेत घडते किंवा शाळेत बिघडते. ती गोष्ट म्हणजे माणसांची परस्परांशी असलेली ओळख. आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, गाव ओळखीने सुरक्षित राहते. संशयाने राहत नाही.

आपल्याकडील जुनी व्यवस्था पाहा. पेशवाईच्या अखेरीपर्यंत दख्खनच्या खेड्यांत रात्रीची राखण जागल्या किंवा रामोशी यांच्याकडे असे. गावात चोरी झाली, तर चोराचा माग काढणे हे त्याचे कर्तव्य होते. पावलांचे ठसे शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविले, म्हणजे पुढचा माग काढण्याची जबाबदारी त्या गावावर जाई. माग लागला नाही, तर नुकसानीचा भार राखणदारावर व कित्येकदा साऱ्या गावावर पडे. या व्यवस्थेत अन्यायही होता. राखणीचे काम जन्माने वाट्यास येई आणि त्याचा मोबदला तुटपुंजा असे. तथापि तिच्या मुळाशी एक विचार होता. शिवेच्या आत घडलेली आगळीक ही साऱ्या गावाची जबाबदारी होय, आणि राखणदार उपयोगी पडतो तो त्याला गावातील प्रत्येक पाऊल ओळखता येते म्हणून, हा तो विचार.

इंग्रजी अमलात १८६७ साली मुंबई ग्राम पोलीस कायदा झाला. पाटीलकी तेव्हा वंशपरंपरागत होती. स्वातंत्र्यानंतर तिचे ते स्वरूप गेले. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटील हा नेमणुकीने येणारा अधिकारी झाला. गावच्या स्थितीची माहिती वरिष्ठांस कळविणे, गुन्हा व सार्वजनिक उपद्रव यांस प्रतिबंध करणे, पोलिसांस साहाय्य करणे, ही त्याची कर्तव्ये कायद्याने सांगितली आहेत. ग्रामरक्षक दलाचीही कायद्यात तरतूद आहे, आणि असे दल उभारणे हे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या अधिकारातील काम आहे. पुढे १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचा वाद, पाण्याचा वाद, भाऊबंदकी यांचा निकाल डोकी फुटण्यापूर्वी गावातच सामोपचाराने लागावा, यासाठी गावोगाव समित्या झाल्या. खेड्यातील पुष्कळसे गुन्हे परक्या माणसाकडून होत नाहीत. ते जुन्या, न मिटलेल्या भांडणातून होतात, हे या मोहिमेने अचूक ओळखले होते.

कायदा आहे, माणसे आहेत, समित्या आहेत. मग उणीव कोठे राहते? त्यासाठी अलीकडच्या दोन घटना आपणांपुढे ठेवतो. त्या सांगताना मन जड होते. परंतु शिक्षकांनी त्यांकडे पाठ फिरवून चालणार नाही.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तेथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे आले. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्या दिवसांत मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची आवई भ्रमणध्वनीवरून पसरली होती. जमावास त्यांचा संशय आला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारण्यात आले आणि ते पाचही जण मरण पावले. गावाचा कारभार जेथून चालावयाचा, त्याच जागी हे घडले.

दुसरी घटना पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथील. १६ एप्रिल २०२० ची रात्र होती. देशात टाळेबंदी होती. चोर व मुले पळविणारे लोक हिंडत आहेत अशा अफवेने त्या भागातील गावकरी रात्री पहारा देत होते. अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची गाडी त्यांनी अडविली. पोलीस तेथे पोहोचले होते, तरी जमावाने तिघांचाही जीव घेतला.

या दोन्ही ठिकाणी गावकऱ्यांच्या मनात हेतू कोणता होता? मुलांचे रक्षण. गडचिंचले येथे तर लोक जागरण करून राखणच करीत होते. म्हणजे जागरूकता होती, एकजूट होती, पहाराही होता; ओळख मात्र नव्हती, आणि ओळख करून घेण्याइतका धीरही नव्हता. ओळखीवाचून घातलेला पहारा गुन्हा टाळीत नाही. तोच गुन्हा होऊन बसतो. पाचजण किंवा त्याहून अधिक लोकांनी मिळून जात, धर्म, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून एखाद्याचा जीव घेतला, तर त्यासाठी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र कलम आहे. परंतु हे कलम माणूस मेल्यानंतर उपयोगी पडते. आपले काम त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. ते खेड्याचे नसून भिवंडी या यंत्रमागांच्या शहराचे आहे. तथापि त्यातील बोध खेड्यासही लागू पडतो. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ साली तेथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा उपक्रम हाती घेतला. प्रत्येक वस्तीतील हिंदू व मुसलमान रहिवासी एका समितीत घेतले. साध्या शिपायाकडे जबाबदारी सोपविली. आणि दंगल नसतानाच, शांततेच्या दिवसांत, नियमाने बैठका घेतल्या. नळाचे पाणी, शेजाऱ्यांचे तंटे, घरगुती भांडणे असे साधे विषय तेथे निघत. पुढे डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतील मृतांचा आकडा ९०० नोंदविला. त्याच काळात शेजारची भिवंडी शांत राहिली. अफवा तेथेही आल्या असतील. परंतु त्या खऱ्या की खोट्या, हे ज्याला विचारावे असा ओळखीचा माणूस पलीकडच्या गल्लीत होता. ती ओळख संकटाच्या रात्री निर्माण झालेली नव्हती. ती आधीच करून ठेवलेली होती.

आता शाळेकडे वळू. गावातील सर्व आळ्यांची, सर्व जातींची, गावठाणाची आणि वस्तीवरची माणसे एरवी एका जागी क्वचितच बसतात. त्यांची मुले मात्र रोज एका पटावर, एका रांगेत बसतात. ओळख करून ठेवण्याची याहून चांगली जागा गावात दुसरी नाही. या दृष्टीने आपण काय करावे, याविषयी चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट पालावरच्या मुलांविषयी. गावाबाहेर पाल पडले, तर तेथील मुलांपर्यंत शिक्षकाने आपण होऊन जावे. दाखला नाही म्हणून मूल परत पाठवू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ याने हे स्पष्ट केले आहे की, दाखला मिळण्यास उशीर झाल्याच्या कारणावरून प्रवेश लांबविता येत नाही. चार दिवसांसाठी का होईना, ते मूल वर्गात बसले की गावातील मुले घरी जाऊन सांगतात, ‘तो आमच्या वर्गात आहे.’ या एका वाक्याने पालावरच्या कुटुंबाचे जे रक्षण होते, ते कदाचित कोणत्याही बंदोबस्ताने होणार नाही.

दुसरी गोष्ट वर्गातल्या लहानशा चोरीविषयी. कोणाची कंपासपेटी हरवते. अशा वेळी वर्गाचे डोळे कोणाकडे वळतात ते पाहावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपले डोळे कोणाकडे वळतात तेही पाहावे. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कायदा गेला; पण तो शिक्का पुसला गेला काय? लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ साली प्रसिद्ध झालेले व पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले ‘उचल्या’ हे आत्मकथन प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावे. हरवलेल्या कंपासपेटीसाठी एकाच मुलाचे दप्तर झडले, तर त्या दिवशी वर्गातील तीस मुले संशय कोणावर घ्यावा, याचा धडा गिरवितात. मोठेपणी बाजाराच्या दिवशी तोच धडा त्यांना आठवतो. यास्तव दप्तर झडावयाचे नाही. वस्तू शोधण्याचे काम साऱ्या वर्गाचे करावे, आणि जिने उचलली असेल त्या मुलास ती चारचौघांत लज्जित न होता परत ठेवता येईल अशी सवड द्यावी.

तिसरी गोष्ट ऐकीव बातमीची पारख. हा आता भाषेच्या तासाचाच विषय समजावा. २०१८ साली देशभर पसरलेल्या एका चित्रफितीत दुचाकीवरील दोघे जण रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत. मूळची ती कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडलेले दाखविले होते. कोणीतरी तो शेवट कापून टाकला, आणि जाहिरातीची आवई झाली. वरच्या वर्गांतील मुलांस हे सांगून विचारावे: ही बातमी कोठली? कधीची? प्रत्यक्ष कोणी पाहिले? शेवट कापलेला तर नाही? एखाद्या अपरिचिताविषयी खरोखरच शंका आली, तर त्याला घेरावयाचे नाही; पोलीस पाटलांस कळवावयाचे अथवा ११२ क्रमांकावर सांगावयाचे, हेही मुलांच्या अंगवळणी पडले पाहिजे. मुले जे शाळेत शिकतात ते घरच्या ओसरीवर बोलतात.

चौथी गोष्ट हजेरीपटाची. गावात काही वाईट घडत असेल, तर त्याचे पहिले चिन्ह कित्येकदा हजेरीपटावर उमटते. दसऱ्यानंतर आईबाप ऊसतोडीला गेले आणि मुलगी म्हाताऱ्या आजीपाशी राहिली. ती आठ दिवस आली नाही. सातवीतील मुलीच्या घरी एकाएकी पाहुण्यांची ये-जा वाढली. एखादा मुलगा अकस्मात अबोल झाला. अशा वेळी शिक्षकाने घरी जावे, बसावे, विचारावे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ‘घरची बाब आहे’ म्हणून गप्प राहण्याची मुभा कायद्याने कोणासच ठेवलेली नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये ती माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे, आणि न देणे हा अपराध आहे. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहिलेला असावा. अशी प्रकरणे तंटामुक्तीच्या बैठकीत मिटविण्याची नसतात, हेही गावास स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य शिक्षकाने दाखविले पाहिजे.

या शेवटच्या गोष्टीत अडचण आहे, हे मी जाणतो. गावात राहून गावातील वजनदार माणसाविरुद्ध बोलणे सोपे नसते. बदली, बोलणी, बहिष्कार यांची भीती असते. म्हणून एकट्याने पुढे जाऊ नये. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, अंगणवाडी सेविका, आशा सेविका, पोलीस पाटील यांच्याशी आपला संबंध आधीपासून असावा. वर्षातून दोन वेळा तरी पोलीस पाटलांस आणि ठाण्यातील एखाद्या शिपायास शाळेत बोलवावे. मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत. पोलीस म्हणजे धाक, एवढेच ज्याच्या मनावर ठसले आहे, ते मूल संकटात असताना पोलिसांकडे जात नाही. मात्र एक पथ्य पाळावे: मुलांकडून त्यांच्या घरच्या गोष्टी काढून घेण्यासाठी शाळेचा उपयोग कोणासही करू देऊ नये. मुलाचा विश्वास एकदा गेला, की पुढची हाक आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

बंधुभगिनींनो, यांपैकी कोणत्याही कामास नवा निधी लागत नाही, नवे दप्तर ठेवावे लागत नाही. त्याचा अहवाल कोणी मागणार नाही, आणि न घडलेल्या गुन्ह्याची नोंद कोठेही होत नसल्यामुळे त्याचे श्रेयही आपणांस मिळणार नाही. परंतु आपल्या वर्गातून बाहेर पडलेला एखादा तरुण उद्या बाजाराच्या गर्दीत, हात उगारलेल्या जमावापुढे उभा राहून ‘थांबा, आधी विचारू, हे कोण आहेत’ एवढे म्हणाला, तरी एखाद्याचा जीव वाचेल. तो तरुण आज आपल्या तिसरीच्या वर्गात बसला आहे. येत्या सोमवारी शाळा भरेल तेव्हा गावाच्या कडेला कोठे पाल पडले आहे काय, एवढे पाहून यावे, आणि पडले असल्यास तेथील मुलांची नावे विचारून ती पटावर घ्यावीत, अशी आपणांस माझी विनंती आहे.