पातळ हात



शाळेत असताना दिवाळीला आपण मातीचा माहुली किल्ला करायचो. माझं ते वेड अजून सुटलेलं नाही, फक्त मातीऐवजी प्लास्टिक आलं. १९७१च्या युद्धात परमवीर निर्मलजित सिंग सेखों यांनी उडवलेलं नॅट विमान खरं सुमारे नऊ मीटर लांब; १:७२ प्रमाणात ते सुमारे बारा सेंटीमीटर होतं. त्याचं किट ऑनलाइन मागवलं. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर कुरियर येत नाही, म्हणून पत्ता दिला शहापूरच्या एका वर्गमित्राच्या गॅरेजचा. भांडणानंतर तीस वर्षं आम्ही बोललो नव्हतो. फोन मीच केला.

भर जुलैत पडवीत स्प्रे मारला. हवेतल्या ओलाव्याने लॅकर पांढरा पडला. विमान घेऊन त्याच्याकडे गेलो. तो हसला नाही. म्हणाला, "पाऊस जाऊ दे. दारं-खिडक्या उघड, तोंडाला मास्क लाव, वीतभर लांबून मार. एकदाच जाड नको. पातळ हात दे, सुकू दे, मग दुसरा."

दिवाळीत दोघांनी मिळून ते रंगवलं. भांडण कशावरून झालं होतं, ते दोघांनाही आठवलं नाही. ते विमान आज आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेला देतो आहोत.