प्रमाणपत्रांचा बाजार आणि माणसाचा जीव
(मिरकरवाडा, रत्नागिरी येथील भाषण)



मिरकरवाडा बंदरात बुडालेल्या खलाशाला धक्क्यावर आणले, तर त्याचे आयुष्य काही मिनिटांवर अवलंबून असते. श्वास थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. त्या वेळी तोंडाने श्वास देण्याचे आणि छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब देण्याचे कसब लागते. ते सरावानेच येते. विकत घेतलेल्या प्रमाणपत्राने येत नाही.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली दाखवून दिले की, मालाचा कस फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. रुग्णवाहिकेतील सेवकाची पारख तर बेशुद्ध रुग्णाला करताच येत नाही. म्हणून ती समाजाने आधीच केली पाहिजे.

महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 2014 साली सुरू झाली. 2021 च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी किमान 2,000 तासांचे शिक्षण आणि राज्य नोंदवही यांची तरतूद केली. परंतु तास कागदावरही भरता येतात. जी संस्था फी घेते तीच परीक्षा घेणार असेल, तर नापास कोण करणार? परीक्षा त्रयस्थाने आणि प्रात्यक्षिकासह घ्यावी, नोंदवही सर्वांस खुली असावी आणि ठरावीक काळाने फेरपरीक्षा व्हावी.

शिवाय हे शिक्षण विनामूल्य हवे. फी न परवडणारा मच्छीमाराचा मुलगा स्वस्त कागदाकडे वळतो. त्याला शिक्षा होऊन कागद विकणारा मोकळा राहिला, तर फसवणूक थांबणार नाही.