अंगणातला डोह
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझं गाव मारेगाव. यवतमाळहून वणीला जाताना करंजी ओलांडली की येतं ते. दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन आणि काळी कुळकुळीत जमीन. अशा गावात एखाद्या माणसानं आपल्या अंगणात हौसेसाठी तळं खोदायला घेतलं, तर लोक त्याला काय म्हणतील याची तुम्ही कल्पना करू शकता. मला ते सगळं म्हणून झालेलं आहे. कवी आहे म्हटल्यावर थोडं जास्तच म्हणून झालं.

ही हौस जुनी आहे. बी.ए.ला असताना मित्रांबरोबर औरंगाबादला गेलो होतो, आताच्या छत्रपती संभाजीनगरला. तिथं पाणचक्कीचा हौद पाहिला. काही किलोमीटर लांबून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलेलं पाणी उंचावरून त्या हौदात पडत होतं, आणि त्यात मासे शांतपणे फिरत होते. बाहेर रणरणतं ऊन आणि हौदाच्या कडेला गारवा. तेव्हाच मनात घेतलं की आपलं घर झालं की एवढं नाही, पण एक चूळभर तरी पाणी अंगणात ठेवायचं.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, हौद करायचा तर ‘दह-दर-दह’ कर. फारसीत दह म्हणजे दहा. मशिदीतला वुजूचा हौद दहा हात लांब आणि दहा हात रुंद असावा, असं जुने जाणकार सांगत. एवढ्या पाण्याला हनफी शास्त्रात मोठं पाणी मानतात. थोडीशी घाण पडली म्हणून ते नापाक होत नाही. लहानपणी मला तो धर्माचा नियम वाटायचा. तळं करायला घेतलं तेव्हा कळलं, त्यात अनुभवही आहे. पाणी जितकं थोडं, तितकं ते लवकर तापतं, लवकर हिरवं पडतं, लवकर कुजतं.

पण दहा हात बाय दहा हात जागा माझ्याकडे नव्हती. घराच्या मागं, लिहिण्याच्या खोलीच्या खिडकीखाली, दहा फूट बाय सात फुटांचा तुकडा होता. २०१८च्या उन्हाळ्यात तिथं काम काढलं. खोदायला जवळच्या एका पोडावरचे म्हातारे कोलाम काका आले. (कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात.) दोन फूट खोदून झाल्यावर मी विटा आणि सिमेंट आणलं. काकांनी सब्बल बाजूला ठेवली आणि म्हणाले, “भाऊ, हे माती उनाळ्यात तोंड उघडते. सिमेंट नाही टिकत इथं.” मी शिकलेला माणूस. गवंड्याला म्हटलं, दोन पोती जास्त घाल.

घरात त्याहून मोठी लढाई होती. आम्ही घरात वऱ्हाडी वळणाचं हिंदी-उर्दू बोलतो. कविता मराठीत येते, भांडण मात्र मातृभाषेत होतं. बायको म्हणाली, “नल चौथे दिन आता है, और तुम तालाब बांधते?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पाणचक्कीचं वर्णन केलं. ते तिनं पूर्ण ऐकलंही नाही.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. माझं सिमेंटचं टाकं अर्धंच भरलं होतं. मार्चमध्ये कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली. मेपर्यंत तिच्यात बोट जायला लागलं. काळ्या मातीचा स्वभावच तो. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि आकसताना वर ठेवलेलं सगळं ओढून फाडते. शेतात उन्हाळी भेगांत हात कोपरापर्यंत घालून पाहिलेला मी माणूस, आणि तीच माती घरामागं आली तेव्हा तिला ओळखलं नाही. मी नळाच्या घागरी ओतून ते टाकं भरत राहिलो, लाज झाकायला. एका सकाळी पाहिलं तर सगळं पाणी भेगेतून जमिनीत गेलं होतं. बायको काही बोलली नाही. तिनं रिकामी घागर उचलली आणि घरात नेली. ते न बोलणं मला अजून ऐकू येतं.

काकांना पुन्हा बोलावलं. ते आले, हे त्यांचं मोठेपण. या वेळी त्यांचं ऐकलं. फुटकं सिमेंट काढलं, फूटभर माती जास्त खोदली आणि तिच्या जागी मुरूम भरून धुमसानं ठोकला. मुरूम फुगत नाही आणि आकसत नाही. वर जुनं बारदान अंथरलं, म्हणजे खड्यानं कागदाला भोक पडत नाही. कागद म्हणजे शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून तो विकणारे ओळखीचे झालेत. त्यांच्याकडून उरलेला तुकडा स्वस्तात मिळाला. मापाचा हिशेब सोपा आहे. लांबीत सगळ्यात खोल जागेच्या खोलीची दुप्पट मिळवायची, वर दोन्ही कडांना एकेक फूट सोडायचा, रुंदीचंही तसंच. कडेचा कागद उघडा ठेवला तर ऊन त्याचा भुगा करतं, म्हणून वर फरशीचे तुकडे बसवले. काठ सगळीकडून एका पातळीत आहे का, हे गवंड्याच्या लेव्हल पाइपनं पाहिलं. डोळ्यावर विश्वास ठेवला तर पाणी एका बाजूनं सांडतं आणि दुसऱ्या बाजूचा कागद उघडा पडतो.

आणि एका कोपऱ्यात काकांनी डोह काढला. तीन फूट बाय तीन फूट, वरच्या पातळीपासून चार फूट खोल. “नाल्यात मासा उनाळ्यात कुठं राह्यते? डोहातच न,” एवढंच म्हणाले. बाकीचं तळं दोन फूट. डोहावर पाण्याखाली वीतभर अंतरावर लोखंडी जाळी बसवली, कारण घरात नात रांगायला लागली होती. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडतं. तळं करणाऱ्यांनी मासे आणि कमळं यांच्याआधी या जाळीचा विचार करावा.

एवढ्या खड्ड्यात सुमारे ४,००० लिटर पाणी मावतं. ते कुठून आणायचं, हाच खरा प्रश्न होता, आणि बायकोनं अट घातली होती, नळाचा एक थेंब नाही. मग छताकडे पाहिलं. ५०० चौरस फुटांच्या छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ४६ लिटर पाणी होतं. म्हणजे ९० मिलिमीटरच्या आसपास पावसात तळं भरतं. आमच्या जिल्ह्यात सरासरी वर्षाला नऊशेच्या घरात पडतो. दहाव्या हिश्शात माझं काम होतं. पन्हाळीचा पाइप वळवला, तोंडाला जाळी बांधली, पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडलं, आणि २०१९च्या पावसाळ्यात तळं भरलं. त्या रात्री मी तीनदा उठलो.

मासे प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणले, गप्पी. डासांच्या अळ्या खातात, म्हणून आरोग्य खातंच ते पाळतं. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. गल्लीतल्या लोकांची डेंगीची भीती खरी होती आणि मासे हे तिला उत्तर होतं. मात्र हा मासा परदेशी आहे, दक्षिण अमेरिकेतला. नाल्यात, ओढ्यात सोडू नये, तिथल्या आपल्या माशांना तो त्रास देतो. कुमुदिनीचा कंद घमेल्यात लावला, आणि त्यात भरली तीच काळी माती. जिनं टाकं फोडलं, तिच्यातच फूल आलं. कवीला असं काही सापडलं की तो लगेच कविता करतो. मी केली नाही. तिच्यावर अजून थोडा राग होता.

फ्रान्समध्ये क्लोद मोने नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. १८९३ साली त्यानं जिव्हर्नी गावात जागा घेऊन कमळांचं तळं करायला काढलं, तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली. त्याच्या विदेशी झाडांनी आपलं पाणी बिघडेल, असं त्यांना वाटत होतं. त्याला वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागला. पुढं त्यानं त्या तळ्याची सुमारे अडीचशे चित्रं काढली आणि जगानं त्या गावकऱ्यांना हसून घेतलं. मला ते हसणं जमत नाही. खालच्या अंगाला राहणाऱ्याला वरच्या पाण्याची काळजी वाटते, यात हसण्यासारखं काय आहे?

माझ्या तळ्याला भिंत होती. खिडकीतून मला दिसायचं, गल्लीतून कोणाला नाही. ही भिंत मला पहिली दोन वर्षं खटकली नाही. मग एकदा शाळेच्या कार्यक्रमात महात्मा फुल्यांवर बोलायचं होतं. १८६८ साली जोतीरावांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी ते म्हणताना जीभ अडखळली. त्यांच्या हौदाशी माझ्या डबक्याची तुलना करत नाही. त्यांनी समाजाचा रोष पत्करला होता, मी फक्त प्लास्टिक अंथरलं होतं. पण घरी येऊन खिडकीत बसलो तेव्हा भिंतच दिसत राहिली.

तरी मी काही केलं नाही. केलं ते बायकोनं, २०२४च्या एप्रिलमध्ये. पलीकडच्या घरी दहा शेळ्या आहेत. नळ लांबला होता, आणि ती शेजारीण रिकामी बादली घेऊन दारात उभी राहिली. मी आत हिशेब करत होतो. आमच्याकडे मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर पाणी हवेत उडतं. माझ्या तळ्यातून रोज ६५ लिटर, चार घागरी. शेळीला दिवसाला चार-पाच लिटर लागतं. दहा शेळ्या म्हणजे आणखी पन्नास. तळं निम्म्या दिवसांत आटेल. हे मी तिला सांगायला बाहेर आलो तेव्हा बादली भरून गेलेली होती.

त्या आठवड्यात भिंतीच्या खालच्या अंगाला एक भोक पडलं, त्यातून पाइप गेला आणि गल्लीत एक दगडी कुंडी आली. कुंडी जुनी, आमच्याच परसातली, कित्येक वर्षं पालथी पडलेली. माझ्या हिशेबातली तूट बायकोनं भरून काढली, तीही माझ्या नाकासमोरून. आम्ही दोघं दिवसातून पाच वेळा वुजू करतो. ते पाणी मोरीतून गटारात जात होतं. वुजूला साबण लागत नाही. तिनं वुजूची जागा उंच करून ते पाणी तळ्याच्या काठच्या कर्दळीत सोडलं. तिथून झिरपून ते तळ्यात येतं. दोघांचं मिळून रोज तीसेक लिटर. म्हणजे जवळजवळ निम्मी वाफ भरून निघते. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूचं पाणी उधळू नका, अशी शिकवण आहे. मी ती लहानपणापासून ऐकत आलो आणि नळ बारीक सोडला की झालं, असं समजत होतो.

दुसरं तिनं असं केलं की डोहाच्या कडेच्या फरशीवर लाल ऑइल पेंटनं एक रेघ ओढली. पाणी या रेघेला आलं की कुंडीचा पाइप बंद, शेळ्या असोत की आणखी कोणी. त्या पाण्यात ५०० लिटर असतं, ते माशांचं. साठ दिवस पुरतं. शेजारणीलाही तिनं ही रेघ नेऊन दाखवली, आणि ती दोन दिवसांतून एकदा येऊन स्वतःच पाहून जायची. माझ्याकडे कोणी विचारायला आलं नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रेघ लागली. पाइपाला बोळा बसला. शेळ्या टँकरच्या पाण्यावर गेल्या. वरचं तळं कोरडं पडलं, कुमुदिनीचं घमेलं आम्ही डोहाच्या काठावर ओढून ठेवलं. जूनमध्ये दोनदा आभाळ आलं आणि गेलं. मग एका रात्री पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले. मी उठलो तर बायको आधीच बाहेर होती, छत्री न घेता, हातात टॉर्च. पन्हाळीचा पाइप पानांनी तुंबला होता आणि ती बांबूनं तो ढोसत होती. मला म्हणाली, “खडे क्या हो, सीढी लाओ.” शिडी आणायला गेलो.