एकच मुलगी, अनेक अडसर



‘स्त्री-शिक्षण’ हा शब्द आपण सभेत फार सहज वापरतो. जणू सर्व स्त्रियांची अडचण एकच. तसे नसते, हे मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने १८५५ सालीच सांगून ठेवले आहे. फुले दांपत्याच्या शाळेत ती शिकली. ‘ज्ञानोदया’त छापलेल्या निबंधात तिने लिहिले की, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसते. बाळंतपण कोणत्याच जातीच्या बाईला नवे नाही. उघड्यावरचे बाळंतपण मात्र जात आणि गरिबी मिळून ठरवतात.

सावित्रीबाई तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८५६ साली आजारपणात माहेरी असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात महार-मांगांना शिकवता म्हणून भावाने लावलेला बोल आहे, आणि आपल्या गैरहजेरीत फातिमेला किती त्रास पडत असेल ही काळजीही आहे. (त्या फातिमा शेख यांच्याविषयी लेखी पुरावा इतका तुटपुंजा का राहिला, याचा विचार आपण कधी केला आहे का?)

दूर अमेरिकेतही हेच. जनरल मोटर्समध्ये नोकरी गेलेल्या काळ्या स्त्रिया न्यायालयात गेल्या. १९७६ साली न्यायालय म्हणाले, कंपनीने बायका तर नेमल्या होत्या. होत्या खऱ्या, पण गोऱ्या! स्त्री म्हणून आणि काळी म्हणून होणारा अन्याय एकत्र जोडून पाहायला न्यायालय तयार झाले नाही. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ साली नेमके यावरच बोट ठेवले.

आता आपल्याकडे या. ‘मुसलमान मुली शिकवत नाहीत’ हा टोमणा आपण ऐकतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिम स्त्रियांची साक्षरता सुमारे ७० टक्के होती आणि राज्यातल्या एकूण स्त्रियांची ६७! हा आकडा टोमणा मारणाऱ्याला जरूर ऐकवा, पण त्यावर खूश होऊन बसू नका. राज्यातले बहुसंख्य मुसलमान शहरात राहतात आणि शहरात शाळा जवळ असते. ही सरासरी मिरजेतल्या डॉक्टरच्या मुलीला आणि तासगावकडे बेदाणा निवडायला जाणाऱ्या बाईच्या मुलीला एकाच ओळीत बसवते. दोघी मुसलमान, दोघी मुली. पहिलीचे टक्के आपण फोटोसह छापतो. दुसरी आठवीनंतर दिसेनाशी होते आणि आपण म्हणतो, ‘आईबापांना तालमीची कदर नाही.’

कदर असते हो! शासनाच्या अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलीला एस.टी.चा पास मोफत मिळतो. पण आई पहाटेच रोजावर गेली की धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? सायंकाळची गाडी चुकली तर ती थांबणार कोठे? वसतिगृह आहे म्हणावे, तर बाप विचारतो, तिथे आपल्या मुलीला कोणी वेगळे तर बसवणार नाही ना? गरिबी, मुलगीपण आणि धर्म हे तिन्ही प्रश्न एकाच दारात उभे असतात. त्यातला एक सोडवून दार उघडत नाही.

पालकहो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘घरगुती कारण’ एवढेच लिहू देऊ नका. खरे कारण सांगा. आणि संस्थेच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, पुढल्या वर्षीच्या प्रवेश-अर्जात आईचा रोजगार, थांब्यापर्यंतचे अंतर आणि गावाला जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ, असे तीन रकाने जादा घालावेत.