मौन आणि कपट

मुंबईस १९१३ सालीं सिडनेहॅम कॉलेज निघालें आणि पेढीवर बसून शिकावयाचा व्यापार कॉलेजच्या वर्गांत आला. व्यापारी कायद्याच्या अभ्यासांत विद्यार्थ्यांची मुख्य गांठ पडते ती १८७२ च्या भारतीय करार कायद्याशीं.

त्याच्या १७ व्या कलमाखालीं एका घोड्याचें उदाहरण आहे. घोड्यांत व्यंग आहे हें ठाऊक असूनहि मालक तो लिलावांत मुकाट्यानें विकतो. कायदा म्हणतो, हें कपट नव्हे. मात्र घेणारी त्याचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर तें व्यंग सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें.

परीक्षेंत एवढें लिहिलें कीं गुण मिळतात. परंतु नीतीचा प्रश्न येथूनच सुरू होतो. मुलीस सांगावयाचें तें परक्या गिऱ्हाइकास कां सांगूं नये? कपटानें झालेला करार रद्द करण्याचा हक्क कायदा फसलेल्यास देतो. मौनानें नाडलेल्यास बहुधा तोहि नसतो. असें गिऱ्हाईक कोर्टाची पायरी चढत नाहीं आणि पुन्हा त्या दुकानाचीहि चढत नाहीं. कायद्याच्या तासानंतर नीतीचा तास हवा, तो या गिऱ्हाइकासाठीं.